पर्सेंटाइलचं टार्गेट ठेवता येत नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी तिच्या मावसभावाला एमएचटी-सीईटी या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत ९९.५ पर्सेंटाइलवर चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं, म्हणून आम्हीही तेच टार्गेट ठेवलं आहे. आकडा तिच्या टेबलासमोर लावलाय. क्लासच्या सराव परीक्षेत ती २०० पैकी १२०च्या पुढे जात नाही, आणि हल्ली मार्क लपवते. तिच्याकडून हे टार्गेट कसं गाठून घ्यावं?

उत्तर : तुमच्या पत्रात मी अडखळलो ते ‘मार्क लपवते’ या दोन शब्दांवर. मार्क सांगितले की घरात पुढे काय होतं, हे माहीत असल्याशिवाय कुणी मूल ते लपवत नाही. कुठे अडतंय ते कळावं म्हणून सराव परीक्षा द्यायची असते. तुमच्या घरी तिचा दर वेळी निकाल लागतोय. चुकलेले प्रश्न ती दडवणार असेल, तर ते सुधारणार कधी? टेबलासमोरचा तो आकड्याचा कागद आजच काढा. पण गुपचूप नको. ‘हे ठरवताना तुला विचारायला हवं होतं’, एवढं तिला सांगा आणि मग काढा.

आणखी एक गोष्ट खटकली. मावसभावाचं कॉलेज, त्याची ब्रँच, त्याचा आकडा हे सगळं पत्रात आहे. तिला काय शिकायचंय, ते कुठेच नाही.

आता त्या ९९.५ बद्दल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क किती जणांना आहेत, ते त्यातून कळतं. समजा एका सत्रात १०,००० मुलं बसली, तर ९९.५ म्हणजे तिच्या पुढे फक्त ५० जण. ते ५० जण किती मार्क घेतील हे ना तिच्या हातात आहे, ना तुमच्या. परीक्षा अनेक सत्रांत होते, पर्सेंटाइल त्या-त्या सत्रातल्या मुलांवरून काढतात. त्यामुळे पेपर अवघड निघाला तर कमी मार्कांनाही जास्त पर्सेंटाइल मिळतं. गेल्या वर्षीचा कटऑफसुद्धा त्या जागेवर शेवटी आलेल्या मुलाचा आकडा असतो. प्रवर्ग बदलला, प्रवेशाची फेरी बदलली की तोही बदलतो. कॉलेजांचा अंदाज घ्यायला तो जरूर बघा, पण अभ्यासाचं टार्गेट म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

टार्गेट ठेवायचंच असेल तर मार्कांचं ठेवा, आणि तिचं तिला ठरवू द्या. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा नाही. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ मार्क. १२० चे १३२ करायला गणिताचे सहाच प्रश्न जास्त बरोबर यावे लागतात. ते कुठून येतील, हे तिच्या मागच्या पेपरांत दिसेल. कुठलं येत असून घाईत चुकलं, कुठे वेळच पुरला नाही, कुठला धडाच कच्चा आहे, ते तिने स्वतः प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे लिहावं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. अकरावीच्या भागाला साधारण २० टक्के वजन असतं. बारावीच्या गडबडीत मुलं नेमका तोच सोडून देतात. तिथे मार्क तुलनेने लवकर वाढतात. १३२ जमले की पुढचा आकडा तीच ठरवेल.

जेईई मेन, बीएस्सी, फार्मसी हे रस्ते आहेतच. त्यांची माहिती घेऊन ठेवा.

निकालानंतर कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना मात्र फार जपा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचीच जागा मिळाली, तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत कुठलं कॉलेज आणि कुठली ब्रँच हवी, हे तिला आतापासूनच शोधू द्या. तिच्या आवडीच्या दोन-तीन ब्रँचना शिकणाऱ्या मुलामुलींशी तिला बोलू द्या, त्यांचा अभ्यासक्रम तिला वाचू द्या. कदाचित ती कॉम्प्युटरच म्हणेल, कदाचित दुसरंच काही सांगेल. त्या वेळी मावसभावाचं नाव काढू नका.