पाचशेच्या नोटेचा रंग

"मॅडम, मला चित्र काढता येत नाही. मग या वहीचा मला काय उपयोग?"

ताण हलका व्हावा म्हणून चित्रवही सुचवली की हा प्रश्न येतोच. तो विचारणाऱ्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वय ५२, एका पतसंस्थेत रोखपाल. संस्था अडचणीत आली आणि ठेवी परत देण्यावर मर्यादा आली. निर्णय त्यांचा नव्हता, पण खिडकीत बसून 'आज मिळणार नाहीत' हे सांगायचं काम त्यांचंच. समोर रांगेत उभी असायची ती त्यांच्याच गल्लीतली माणसं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन. पहाटे तीनला जाग यायची, छाती धडधडायची, दात इतके आवळलेले असायचे की सकाळी जबडा दुखायचा. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि माझ्याकडे पाठवलं.

बोलणं काही पुढे सरकेना. "तसं सगळं ठीकच आहे," एवढंच. म्हणून तिसऱ्या भेटीत मी वहीचं नाव काढलं. तेव्हा कळलं, शाळेत असताना ते एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते आणि नापास झाले होते. चाळीसेक वर्षं झाली, पण 'आपल्याला रंगातलं काही कळत नाही' हा निकाल त्यांच्या मनात तसाच होता.

मी विचारलं, "पाचशेची नोट कोणत्या रंगाची?"

"करडी."

"दोनशेची?"

"पिवळी. शंभराची जांभळट, पन्नासची निळी, दहाची चॉकलेटी." हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला.

मग ठरलं, चित्र काढायचंच नाही. घरात किर्दीची एक कोरी वही पडून होती, ती घ्यायची. शेजारच्या दुकानातून तेलखडूची पेटी आणायची. खिडकीवर आलेल्या प्रत्येक माणसामागे एक पट्टा. ओरडून गेला तो करडा, रडली ती निळी, 'तुमचा काय दोष' म्हणाला तो पिवळा. शब्द सुचले तर बाजूच्या रकान्यात लिहायचे, नाही सुचले तर राहू दे.

चित्र येणं न येणं याचा इथे फारसा संबंध नाही, हे मी त्यांना सांगितलं ते नुसता धीर द्यायला नव्हे. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चिकणमाती, मार्कर आणि कोलाजचे कागद दिले. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालेलं दिसलं, आणि कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तो लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्याला औषधाचा दर्जा देत नाही. पण 'मला येत नाही' या भीतीला उत्तर म्हणून तो पुरेसा आहे.

यानंतर चूक झाली ती माझ्याकडून. मी सांगितलं होतं, "झोपण्याआधी मनातलं सगळं वहीत ओता." तीन आठवड्यांनी ते आले ते जास्तच थकलेले. पट्टे केव्हाच संपले होते. पानभर काळं गिरगटलेलं, काही ठिकाणी कागद फाटेपर्यंत. रात्री अकराला ते पुन्हा त्याच खिडकीत जाऊन बसत होते, आणि तसेच अंथरुणावर पडत होते. नुसतं ओतत राहिलं की मन मोकळं होतंच, हा समज मी तपासायला हवा होता. २००८ मध्ये डॅलब्रू, गोल्डस्टीन आणि विनर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात उदास करणारी चित्रफीत पाहिल्यावर काहींनी ती उदासी कागदावर उतरवली, काहींनी आनंदाचं काही काढलं. मनःस्थिती जास्त सुधारली ती दुसऱ्या गटाची.

मग आम्ही रीत बदलली. वही संध्याकाळी, घरी आल्यावर, चहाच्या आधी. दहा मिनिटं पट्टे, गजर लावून. गजर वाजला की पान उलटायचं आणि पुढची पाच मिनिटं डोळ्यांसमोरची एखादी वस्तू बघून काढायची. आनंदाचं काही काढा असं मी म्हटलं नाही. त्या दिवसांत ते त्यांना खोटं वाटलं असतं. त्यांनी गच्चीवरच्या कुंडीतली कढीपत्त्याची डहाळी निवडली. पहिल्या दिवशी पानं मोजली, सतरा. हिशेबाचा माणूस, सतराच्या सतरा काढली. कुठलं पान किडीने खाल्लंय, कुठलं कोवळं पोपटी आहे, हे ते मला सांगू लागले, आणि ते सांगता सांगता खिडकीतलंही बोलू लागले.

झोप एकदम सुधारली नाही. दीड-दोन महिन्यांत पहाटेची जाग रोजची राहिली नाही, आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागली. गोळी चालूच होती, आमच्या भेटीही. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर एकट्या वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर तेवढंही थांबू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा.

शेवटच्या भेटीत त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. मधली काही पानं चारी बाजूंनी स्टेपल केलेली होती. "ही कुणाला दाखवायची नाहीत. चालेल ना?"

"चालेल," म्हटलं.

त्यांनी कढीपत्त्याचं पान उघडलं. त्या दिवशी पानं एकोणीस होती.