रुळांवरचे प्रश्न : आवाज कोणाचा चांगला?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. दिवाळीला येताना ती सहा आसांचे, मॉडेल रेल्वेचे एचओ मापाचे (१:८७) अमेरिकन अ‍ॅल्को इंजिन आणणार आहे. त्यावर मी इथे भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचे कवच चढवून घेणार. आवाजाचा डिकोडर (इंजिनात बसणारी, मोटर आणि आवाज चालवणारी पाटी) कोणता घ्यावा? दुकानदार म्हणतो, सौंडट्रॅक्सचा सुनामी२ घ्या; तिचा अमेरिकन शेजारी म्हणतो, ईएसयूचा लोकसाउंड ५ च घ्या. किंमत थोडीफार सारखीच आहे. कोणाचे ऐकू? — एक वाचक, पुणे

उत्तर : शेजाऱ्याचे. दुकानदार वाईट माल सुचवतो म्हणून नव्हे, तुम्ही डब्ल्यूडीएम-२ म्हणालात म्हणून.

मूळ धडधड दोन्हींकडे आहे. आपल्याकडे १९६२ पासून आलेल्या आणि पुढे वाराणसीत बनलेल्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये अ‍ॅल्कोचे सोळा सिलिंडरचे २५१बी इंजिन, २६०० अश्वशक्तीचे. अमेरिकेतल्या सेंच्युरी मालिकेतही २५१ घराणेच. घोरपडीच्या शेडबाहेर उभ्या डब्ल्यूडीएम-२ चा तो पिठल्यासारखा रटरटणारा आवाज तुमच्या कानात असेल, तर या दोन्ही डिकोडरांतला अ‍ॅल्को ऐकून तुम्ही मान डोलवाल. घोडे पेंड खाते ते भोंग्यापाशी. अमेरिकन भोंगा तीन किंवा पाच सुरांचा, एकदम जुळवलेला. आपला दोन सुरांचा, कर्कश. तांबड्या कवचातून अमेरिकन सूर निघाला की सगळा खेळ मोडतो. मला तरी ते सहन होत नाही.

सुनामी२ मध्ये कारखान्यात भरलेल्या यादीतूनच भोंगा निवडता येतो. यादी मोठी आहे, कंट्रोलरवरून सीव्ही (डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) बदलला की झाले, संगणक लागत नाही. ज्याला अमेरिकन इंजिन अमेरिकन म्हणूनच चालवायचे आहे, त्याला मी बेधडक तोच घ्यायला सांगेन. पण बाहेरचा आवाज त्यात घालता येत नाही. लोकसाउंडमध्ये येतो. त्यासाठी लोकप्रोग्रॅमर नावाची डबी आणि विंडोज संगणक हवा. डबीचा खर्च वेगळा धरा. दोन-तीन मित्रांत मिळून एक पुरते.

फलाटावर उभे राहून भोंगा मोबाइलवर टिपा, पण शक्यतो उघड्या जागी; छताखाली घुमलेला आवाज छोट्या स्पीकरवर चिखल होतो. मग त्याचे तीन तुकडे करा : सुरुवात, मधला, शेवट. मधला तुकडा बटण दाबून ठेवाल तोवर फिरत राहतो, म्हणून त्याची दोन टोके बेमालूम जुळली पाहिजेत. यातच एक रविवार जातो. इंजिनाची धडधड मात्र स्वतः टिपायच्या फंदात पडू नका. आठही नॉच (इंजिनाची ताकद वाढवण्याचे टप्पे) आणि त्यांच्यामधली चढ-उतार स्वच्छ टिपणे हौशी माणसाच्या आवाक्यातले नाही. ईएसयूची तयार २५१ फाइल घ्या आणि फक्त भोंगा बदला.

लोकसाउंडकडे झुकण्याचे आणखी एक कारण. त्याच्या अमेरिकन फाइलींत ‘ड्राइव्ह होल्ड’ आहे. ते बटण दाबले की गाडीचा वेग आहे तिथेच राहतो आणि नॉबने फक्त इंजिनाचा आवाज चढतो-उतरतो. मालगाडी चढावर जेमतेम सरकते आहे आणि इंजिन मात्र आठव्या नॉचवर ओरडते आहे, हे दृश्य त्यामुळे हातात येते. सुनामी२ हेच काम स्वतःहून करू बघतो : मोटरवरचा भार मोजून आवाज जड-हलका करतो. लांब गाडी आणि खराखुरा चढ असेल तर छान जमते. टेबलावरच्या सपाट गोल रुळांवर चार डब्यांची गाडी असेल, तर त्या बिचाऱ्याला भार कुठला कळणार?

मुलीला दोन गोष्टी कळवा. इंजिनातल्या पाटीवर २१ पिनांची जागा आहे की ८, ते बघून डिकोडर घ्यायचा. आणि सोबत कंट्रोलर आणणार असाल तर अ‍ॅडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेले आहे ना, हे पाहायचे. नुसते १२० असेल तर आपल्या भिंतीतल्या २३० ला तो पहिल्याच मिनिटाला धूर सोडेल.

प्रश्न : महागडा डिकोडर बसवूनही आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, मोठा केला की फाटतो. डिकोडर बदलून घेऊ का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : थांबा. स्पीकरमागे बंद डबी आहे का? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी इथेच संपतात. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. मागची लाट मोकळी राहिली तर ती पुढे येऊन पुढच्या लाटेला खाते, आणि आधी खाल्ला जातो तो खर्ज. डबी हवाबंद हवी. तारा जातात ते भोकसुद्धा गोंदाने बुजवा. मोबाइलमधल्यासारखे छोटे चौकोनी ‘शुगर क्यूब’ स्पीकर पूर्वीच्या गोल स्पीकरांपेक्षा खूपच सरस आहेत.

मग आवाज कमी करा. निम्म्यावर आणा. लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३, सुनामी२ मध्ये १२८, झिमो कंपनीच्या डिकोडरमध्ये २६६. खरे इंजिन १:८७ ने लहान केलेत, आवाज का नाही? सुनामी२ मध्ये इक्वलायझरही आहे; त्यात अगदी खालचा खर्ज कापलात तर फाटणे आणखी कमी होईल, कारण नखाएवढा पडदा तो खर्ज काढूच शकत नाही, नुसता थरथरतो. दोन स्पीकर लावायचे असतील तर आठ ओहमचे दोन समांतर जोडले की चार ओहम होतात. लोकसाउंड ५ ला चार चालतात. दुसऱ्या डिकोडरचा कागद वाचल्याशिवाय तसे करू नका.

प्रश्न : ओओ या ब्रिटिश मापाचे, तीन सिलिंडरचे वाफेचे इंजिन घेतले. त्याची छुकछुक चाकांशी जुळत नाही. नातीने ते आधी पकडले. — एक वाचक, हॅरो, लंडन

उत्तर : नातीचा कान शाबूत आहे. दोन सिलिंडरचे इंजिन मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार टाकते, ब्रिटिश अभियंता ग्रेस्लीची तीन सिलिंडरवाली सहा. आधी फाइल कुठली भरली आहे ते पाहा. चारवाली असेल तर सहा हवीत. मग वेग जुळवा. डिकोडर चाक बघत नसतो. मोटर स्वतः उलट जी वीज निर्माण करते, ती मोजून तो वेगाचा अंदाज बांधतो. लोकसाउंडमध्ये हा अंदाज सीव्ही ५७ आणि ५८ ने सुधारतो. गाडी अगदी सावकाश सोडा, कनेक्टिंग रॉडवर नजर ठेवा आणि नातीला फुत्कार मोजायला लावा. आधी ५७ जुळवा, तो हळू वेगाचा. खूप वेगात तसेही कोणाला मोजता येत नाही.

प्रश्न : साध्या डीसी कंट्रोलरवर आवाजाचे इंजिन चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक चालते, पण मजा अर्धीच. पुरेसे व्होल्ट मिळेपर्यंत डिकोडर जागा होत नाही, त्यामुळे नॉब बराच फिरवेपर्यंत इंजिन ढिम्म. भोंग्याला बटण नाही. गाडी थांबवायला नॉब शून्यावर आणलात की आवाजही गेला. स्टेशनात उभे राहून धडधडणे नाही. आवाजावर पैसे घालणार असाल तर आधी साधा डीसीसी कंट्रोलर (रुळांतून डिकोडरला थेट हुकूम पाठवणारा) घ्या, इंजिन नंतर.