वाचकांचे प्रश्न : भौतिकशास्त्राच्या प्रवेश मुलाखतीची तयारी

प्रश्न : मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. पदव्युत्तर विज्ञान प्रवेशासाठीच्या ‘जॅम’ परीक्षेतील गुणांवर मला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एकात्मिक पीएच.डी.च्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून इंग्रजीत बोलताना मी अडखळते. शिवाय चौथ्या सत्रात मला गुण कमी आहेत. उरलेल्या दिवसांत कशाची तयारी करावी?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सगळा अभ्यासक्रम पुन्हा वाचून काढण्याच्या भरीस पडू नका. तुम्हाला काय येते हे लेखी परीक्षेत दिसलेच आहे. उत्तर ठाऊक नसताना तुम्ही विचार कसा करता, हे आता प्राध्यापकांना पाहायचे असते. बहुधा आवडीचा विषय विचारला जातो आणि पुढचे प्रश्न त्यातूनच निघत जातात. म्हणून दोनच विषय निवडा आणि ते मुळापासून तयार करा. क्वांटम मेकॅनिक्स हे नाव भारदस्त वाटते म्हणून तेच सांगणारे पुष्कळ असतात; श्रोडिंगरचे समीकरण लिहून झाल्यावर येणाऱ्या दुसऱ्याच प्रश्नाला त्यांची बोलती बंद होते. त्यापेक्षा यामिकी (मेकॅनिक्स) बरी.

साधा लंबकच घ्या. त्याच्या दोलनकालाचे, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणाऱ्या वेळेचे, सूत्र सर्वांना पाठ असते. पण तो ३० अंशांपर्यंत ओढून सोडला तर दोलनकाल वाढेल की घटेल, असे विचारले तर? कोनाला मिती नसल्यामुळे मितीय विश्लेषण (राशींच्या एककांवरून सूत्राचा अंदाज बांधणे) येथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी टोकाची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. दोऱ्याऐवजी ताठ दांडी आहे आणि गोळा जवळजवळ सरळ वर नेऊन सोडला आहे, अशी कल्पना केली, की तो तेथे बराच वेळ रेंगाळणार हे लगेच लक्षात येते. अर्थात आयामाबरोबर, म्हणजे लंबक जितका दूर ओढावा तितका, दोलनकाल वाढतो. मग कारण सांगावे, की थीटा हा लंबकाचा कोन (रेडियनमध्ये) धरला तर साइन थीटा हा थीटापेक्षा लहान असल्याने गोळ्याला परत ओढणारे बल सूत्रात गृहीत धरल्यापेक्षा कमी पडते. ३० अंशांना ही वाढ सुमारे १.७ टक्के भरते, पण हा आकडा पाठ असण्याची अपेक्षा कोणी करत नाही.

प्रयोगवहीही याच नजरेने चाळा. एक मीटर लांबीच्या लंबकाला २० दोलनांसाठी सुमारे ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली तर दोलनकालात अर्धा टक्का आणि, सूत्रात त्याचा वर्ग असल्यामुळे, गुरुत्वत्वरणात एक टक्का चूक येते. तरीही वहीत ९.८०६ असे तीन दशांश स्थळांपर्यंतचे उत्तर असेल, तर ते कसे आले याचा खुलासा तुम्हाला करता आला पाहिजे. गाव विचारल्यावर राधानगरी धरणाचा विषय निघाला, तर पाणी ठरावीक पातळीला पोहोचताच तेथील स्वयंचलित दरवाजे आपोआप कसे उघडतात, हे टॉर्कच्या (बलाच्या फिरवण्याच्या परिणामाच्या) भाषेत मांडता येईल का, तेही पाहून ठेवा.

हा सगळा सराव मनातल्या मनात नको. महाविद्यालयातील रिकाम्या वर्गात फळ्यासमोर उभे राहून, एखाद्या मैत्रिणीला आडवेतिडवे प्रश्न विचारायला सांगून, आकृती काढत मोठ्याने बोला, आणि तेही इंग्रजीत. मराठी माध्यमाची अडचण बहुतेक करून येथेच सुटते, कारण लागणारी वाक्ये लहान आणि ठरलेली असतात : मी हे गृहीत धरते, हे बल नगण्य आहे, येथे माझे चुकले, पुन्हा मांडते. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करण्यात काहीच गैर नाही. परीक्षकांनी सूचक प्रश्न टाकला, तर आपल्या पहिल्या उत्तराला चिकटून न बसता तो धागा पकडावा.

‘येथेच का यायचे आहे?’ या प्रश्नाला लहानपणापासूनच्या आवडीचे पाल्हाळ लावू नये. विभागाच्या संकेतस्थळावरून दोन-तीन प्राध्यापकांचे काम वाचून, त्यातले काय कळले आणि काय कळले नाही, तेवढे सांगावे. चौथ्या सत्राचा विषय आपण होऊन काढू नका. विचारल्यास खरे कारण एका वाक्यात सांगा. मात्र ज्या पेपरात गुण कमी पडले, त्यातील मूलभूत भाग जाण्यापूर्वी पक्का करा, कारण गुणपत्रक समोर असले की पुढचा प्रश्न त्यावरच येण्याची शक्यता असते.