दंडावरचा सेन्सर चौदाच दिवस का?

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची असून इन्सुलिन घेते. साखर मोजणारा तिचा सेन्सर दर चौदा दिवसांनी बदलावा लागतो आणि पावसाळ्यात तर त्याआधीच सुटतो. वर्षभर टिकणारा सेन्सर बनवणे खरोखर अवघड आहे, की कंपन्यांना तो बनवायचाच नाही?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दर पंधरवड्याचा हा खर्च पाहता आपली शंका रास्त आहे, परंतु मूळ अडचण शरीराच्याच स्वभावात आहे. सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखालच्या द्रवात असतो. त्यावरील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची (एन्झाइमची) ग्लुकोजशी अभिक्रिया होऊन जो विद्युतप्रवाह मिळतो, त्यावरून साखरेचा आकडा काढतात; या पद्धतीचा पाया क्लार्क आणि लायन्स या शास्त्रज्ञांनी १९६२ साली घातला. मात्र शरीराच्या लेखी हा तंतू परकाच असतो. त्यावर लगेच प्रथिनांचा थर बसू लागतो, मागोमाग रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि पुढे तंतुमय आवरण तयार होऊन ग्लुकोज आत पोहोचेनासे होते. शिवाय विकरही हळूहळू निकामी होत जाते. अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळालेला पहिला सेन्सर जेमतेम तीन दिवस चालत असे, हे लक्षात घेतले तर चौदा दिवसांमागचे कष्ट कळतात.

वर्षभराचा सेन्सरही आता आला आहे. ‘एव्हरसेन्स ३६५’ला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. त्यात विकराऐवजी ग्लुकोजच्या संपर्कात चमकणारे बहुवारिक (पॉलिमर) वापरले आहे, आणि दाह दबून राहावा म्हणून त्याच्या कड्यातून डेक्सामेथासोन हे औषध थोडेथोडे पाझरते. युक्ती मला फार मोलाची वाटते. तरीही ही छोटी कांडी डॉक्टरांकडून छेद घेऊन त्वचेखाली बसवावी आणि काढावी लागते, वर दंडावर आकडे पाठवणारा ट्रान्समीटर चिकटवावाच लागतो.

सेन्सर सुटण्याचे कारण निराळे आहे. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो, त्याबरोबर चिकटपट्टीची पकडही जाते, आणि कोकणातल्या दमट हवेत घामाने हे लवकर घडते. लावण्यापूर्वी दंडाला तेल किंवा क्रीम नसावे, त्वचा पूर्ण कोरडी असावी आणि वरून वैद्यकीय पट्टी लावावी. आई सेन्सर असलेल्या कुशीवर झोपली, तर दाबामुळे साखर खोटीच कमी दिसू शकते. म्हणून आकडा आणि तिची लक्षणे जुळत नसतील, तेव्हा बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याशिवाय इन्सुलिनचा डोस ठरवू नये.