कवळीचं अस्तर किती टिकतं: नव्या डॉक्टराला दोन शब्द

दारव्ह्यात दवाखाना टाकलास, चांगलं केलंस. तिथला पेशंट बाजाराच्या दिवशी येतो आणि कापूस वेचणी लागली की दिसत नाही. म्हणून अस्तर, म्हणजे कवळी हिरडीवर नीट बसावी म्हणून आतून लावतात तो थर, निवडण्याआधी पेशंटला विचार, 'परत कधी येणार?'

टिश्यू कंडिशनर, म्हणजे सुजलेल्या हिरड्यांसाठीचं तात्पुरतं मऊ अस्तर, फक्त काही दिवसांपुरतं. हिरड्यांची सूज उतरली की काढून टाक. मऊ अ‍ॅक्रिलिकमधला प्लॅस्टिसायझर (मऊपणा देणारं द्रव्य) लाळेत झिरपून जातो, मग ते कडक होतं. सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं, पण कडेने सुटतं. नवखे इथेच फसतात:

- कवळीचा आतला जुना थर न घासताच वर नवं लावणं.
- सिलिकॉन चिकटावं म्हणून आधी लावतात तो प्रायमर वाळू न देणं.
- मऊ थर २ मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवणं.

माझे एक पेशंट आजोबा खर्र्याचे (तंबाखू-सुपारीचे) डाग जावेत म्हणून कवळी उकळत्या पाण्यात टाकायचे. अस्तर पापडासारखं उचकटलेलं, नखाने सोलून निघालं! तेव्हापासून 'साधं पाणी अन् मऊ ब्रश' हे मी पेशंटच्या सुनेलाही बजावतो.

हिरड्या निरोगी असतील तर सरळ लॅबमधून हीट-क्युअर (उष्णतेने पक्कं केलेलं) कडक अस्तर करून घे, सगळ्यात जास्त तेच टिकतं. बाँडिंगच्या, म्हणजे अस्तर कवळीला कसं चिकटतं त्याच्या, खोलात आत्ताच शिरू नकोस बाप्पा, पहिल्या दहा कवळ्या होऊ दे.