टेकडीवरच्या कीटकांसाठी मॅक्रो लेन्स: ४०, ८५ की १०५ मिमी?

आपल्याकडे निकॉन डी ५६०० आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे, पावसाळ्यात वेताळ टेकडीवर दिसणारे कीटक आणि रानफुले आपल्याला टिपायची आहेत, आणि निकॉनच्या ४०, ८५ व १०५ मिमी या मायक्रो लेन्सपैकी सर्वांत मोठी प्रतिमा कोणती देईल, असे आपण विचारले आहे. या प्रश्नाचे थेट उत्तर असे की तिन्ही सारखीच देतील. निकॉन ज्यांना मायक्रो म्हणते त्या या तिन्ही लेन्स एकास एक प्रमाणापर्यंत जातात, म्हणजे वस्तू प्रत्यक्षात जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा आहे. पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा, लाल मखमलीसारखा मृगाचा किडा एक सेंटीमीटर लांबीचा असला, तर तो यांपैकी कोणत्याही लेन्समधून चौकटीच्या रुंदीचा निम्म्याहून थोडा कमी भाग व्यापेल.

खरा फरक आहे तो हे प्रमाण गाठताना लेन्सचे तोंड आणि कीटक यांच्यामध्ये किती जागा उरते, याचा. माहितीपत्रकात दिलेले किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ४० मिमीसाठी ते १६.३ सेंटीमीटर आहे. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की हाती उरतात जेमतेम साडेतीन-चार सेंटीमीटर. ८५ मिमीला सुमारे १४ आणि १०५ मिमीला सुमारे १५ सेंटीमीटर मोकळे राहतात. चार सेंटीमीटरवर आलेली काच पाहून चतुर केव्हाच उडून जातो, नाकतोडा पानाच्या मागे सरकतो, आणि जो बसून राहतो त्याच्यावर लेन्सचीच सावली पडते. ४० मिमी ही लेन्स म्हणून उत्तम आहे आणि फुलांना किंवा घरात टेबलावर मांडलेल्या वस्तूंना ती पुरते. परंतु आपण कीटकांचे नाव आधी घेतले आहे, म्हणून ती मी सुचवणार नाही.

आपल्या कॅमेऱ्यासाठी माझी पहिली पसंती ८५ मिमी एफ ३.५ व्हीआर (म्हणजे हाताच्या थरथरीचा परिणाम कमी करणारी सोय असलेली) या लेन्सला आहे. तिचे वजन सुमारे ३५५ ग्रॅम, म्हणजे १०५ मिमीच्या जवळपास निम्मे आहे, आणि सकाळी टेकडी चढून तासभर गुडघ्यांवर बसणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवतो. पुढे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचे निश्चित असेल तरच १०५ मिमी घ्यावी, कारण ८५ मिमी आपल्या कॅमेऱ्यात असलेल्या लहान, डीएक्स सेन्सरपुरतीच बनवलेली आहे. टॅमरॉनची ९० मिमी हाही चांगला पर्याय आहे. मात्र डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नसल्याने, मोटर नसलेली जुनी आवृत्ती घेतल्यास फोकस हातानेच करावा लागेल. एकास एकच्या आसपास तो तसाही हातानेच करणे सोयीचे असते: फोकसची कडी स्थिर ठेवावी आणि स्वतः किंचित पुढे-मागे झुलत कीटकाचा डोळा स्पष्ट झाला की बटण दाबावे. व्हीआरवर फार विसंबू नये. जवळ जाल तसा त्याचा परिणाम कमी होत जातो आणि पुढे-मागे होणारी हालचाल तर तो थांबवतच नाही.

लेन्स ठरवताना आपण ज्याचा उल्लेख केलेला नाही, ती गोष्ट म्हणजे प्रकाश, आणि माझ्या मते पैशांचा काही भाग तिच्यासाठी राखून ठेवणे आवश्यक आहे. एकास एक प्रमाणात एफ ११ ठेवले (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान) तरी जेमतेम एक मिलीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. कोळ्याचे पुढचे डोळे स्पष्ट आले की पाठ धूसर होते. खोली वाढवण्यासाठी एफ १६ च्या पलीकडे गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. शिवाय जवळ जाताना प्रकाशही घटतो, म्हणूनच १०५ मिमी लावलेला निकॉन कॅमेरा एकास एकला एफ २.८ ऐवजी एफ ४.८ दाखवतो, तो बिघाड नव्हे. श्रावणातल्या ढगाळ सकाळी झाडाखाली एफ ११ वर हातात कॅमेरा धरून स्पष्ट चित्र मिळणे अवघड असते. यासाठी एक साधा बाहेरचा फ्लॅश आणि त्यापुढे पांढऱ्या पातळ कापडाचा किंवा ट्रेसिंग पेपरचा पडदा पुरेसा आहे. पडदा कीटकाच्या जितका जवळ आणि आकाराने जितका मोठा, तितका प्रकाश मऊ. भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका दिसतो की तिचा हिरवा रंग, हे त्यावरच ठरते. कॅमेऱ्यातला उघडणारा फ्लॅश एवढ्या जवळून वापरल्यास लेन्सच्या हूडची सावली पडते.

एवढा खर्च आत्ता करायचा नसेल, तर रेनॉक्स डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचे एकक) जोडभिंग घ्यावे. ते ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या लेन्सवर चिमट्याने बसते, म्हणून आपल्या १८-५५ वरही बसेल. ५५ मिमीवर त्यातून साधारण ०.४५ पट प्रतिमा मिळते आणि समोर सुमारे १२ सेंटीमीटर जागा राहते. काससारख्या पठारावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब टिपायला एवढे सहज पुरते. विद्युत जोडणी नसलेल्या स्वस्त एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या, मात्र घेऊ नयेत. आपल्या लेन्सला अ‍ॅपर्चरची कडी नसल्याने त्या लावताच अ‍ॅपर्चर पूर्ण मिटते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो.

८५ मिमी नवी मिळाली नाही तर वापरलेली घ्यायला हरकत नाही, पण पुण्यातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. दुकानातच एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी ती घेऊ नये. घरी आणल्यावर ती चामड्याच्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी, आणि टेकडीवरून भिजून आल्यावर डबा बंद करण्यापूर्वी लेन्स पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावी.