‘फँड्री’ सिनेमाच्या शेवटी त्याचा शाळकरी नायक जब्या दगड थेट कॅमेऱ्याकडे का भिरकावतो?

कारण तोवर कॅमेऱ्याची, म्हणजे आपली, जागा बदललेली असते.

नागराज मंजुळेंचा हा 2013चा सिनेमा बराच वेळ आपल्याला जब्याच्या बाजूने ठेवतो. काळ्या चिमणीमागचं त्याचं भटकणं, वर्गातल्या शालूकडे चोरून बघणं, सगळं त्याच्या नजरेतून. मग डुकरं धरायचा तो लांबलचक प्रसंग येतो. जब्याचं कुटुंब, कैकाडी समाजातलं, घामाघूम होऊन धावतंय आणि गावातली पोरं मॅच बघावी तशी मजा लुटतायत. इथे थिएटरातही हसू फुटतं. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू! तो दगड येतो तो याच हसण्यावर. जब्याची खोड काढणाऱ्याच्या जागी कॅमेरा असतो, दगड आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा.

त्याआधीच्या दोन जागा पुन्हा बघा. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, मग बापालाही थांबावं लागतं, आणि डुक्कर निवांत निघून जातं. पुढे पकडलेलं डुक्कर काठीला टांगून नेताना मागे शाळेची भिंत, तिच्यावर आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रं. त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. पार्श्वसंगीत वाजवून डोळे पुसायला लावणाऱ्या दिग्दर्शकाने इथे माती केली असती.

‘जब्या बंड करतो’ असं उत्तर बरेच जण देतात. चूक नाही, पण मग दगड समोरच्या पोराला लागताना का दाखवला नाही, हे सुटत नाही.